गाडी पुसायची फवारा-बाटली पारखून घ्या

दसरा आठवड्यावर आला आहे. आपल्याकडे पोळ्याला बैल धुतात आणि खंडेनवमीला विळा, वखर, तिफण धुऊन पुजतात. गेल्या काही वर्षांत त्या रांगेत दारातली मोटार आणि ट्रॅक्टरही येऊन बसले आहेत. ज्याला आपण अजून जुन्या सवयीने 'सहा नंबर' म्हणतो आणि सरकारदरबारी जो आता राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे, त्याच्या कडेच्या धुलाई केंद्रांवर या आठवड्यात गाड्यांची रांग लागेल. ज्यांना रांगेत उभे राहायचे नाही, ते घरीच बादली, फडके आणि बाजारातून आणलेली रंगीत पाण्याची डबडी घेऊन अंगणात बसतील. कोणता शाम्पू चांगला, टायर कशाने काळे होतात, काच कशाने चमकते, यावर पानठेल्यावर तासभर चर्चा होते. हे सगळे ज्या बाटलीतून मारायचे, ती बाटली कशी असावी हे मात्र कोणी कोणाला विचारत नाही.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. वाटू द्या. माझ्याकडे दर वर्षी दसरा-दिवाळीच्या दिवसांत दोन तऱ्हेचे रुग्ण येतात. पहिले, घसा खवखवतो, छाती भरून आली, खोकला थांबत नाही म्हणणारे. चौकशी केली की कळते, सकाळी बंद गाडीत बसून डॅशबोर्डवर काहीतरी फवारले होते. दुसरे म्हणजे आईच्या कडेवरचे लेकरू, ज्याने पाण्याच्या बाटलीतले भलतेच काही पिऊन टाकलेले असते. दोन्हींच्या मुळाशी द्रव असतो हे खरे. पण तो द्रव छातीत किंवा पोटात पोचवण्याचे काम बाटली करते. शाम्पू मागाहून निवडा, आधी बाटली निवडा, असे माझे मत आहे आणि आजचा लेख त्याच मतासाठी आहे.

आधी फवारा म्हणजे काय ते पाहू. बाटलीचा घोडा दाबला की द्रवाचे थेंब होतात. ते सगळे सारखे नसतात. काही मोठे, काही बारीक, काही इतके बारीक की डोळ्यांना नुसती वाफ दिसते. थेंब मोजायचे माप मायक्रॉन. एका मिलिमीटरचे हजार मायक्रॉन होतात आणि आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. शंभर मायक्रॉनचा थेंब छातीच्या उंचीवरून सुटला तर पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. दहा मायक्रॉनचा थेंब तेवढेच अंतर उतरायला सात-आठ मिनिटे घेतो, आणि तोवर त्यातले पाणी उडून तो आणखी बारीक होतो. म्हणजे तो खाली येतच नाही म्हणा ना! तो हवेत तरंगतो आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात जातो. मोठा थेंब नाकातल्या केसांना आणि घशाच्या ओलाव्याला अडतो. दहा मायक्रॉनहून बारीक थेंब मात्र श्वासनळीत उतरतो, आणि त्यातले अगदी बारीक असतात ते फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जाऊन बसतात. त्या फुग्यांची भिंत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असते, कारण तिच्यातून प्राणवायू रक्तात जायचा असतो. तिथे साबण, मेण, सिलिकॉन किंवा ॲसिड पोचणे निसर्गाला अपेक्षितच नाही.

यातली आणखी एक गंमत शाळेत गणित शिकलेल्यांना सहज उमगेल. शंभर मायक्रॉनचा एक थेंब फोडला तर त्यातून दहा मायक्रॉनचे एक हजार थेंब होतात. द्रव तेवढाच असतो, दाबही एकदाच दिलेला असतो. पण एका बाटलीतून तो गाडीवर पडतो आणि दुसरीतून त्याचे धुके होते. 'बारीक फवारा म्हणजे चांगला फवारा' ही आपली समजूत सलूनमधून आलेली आहे. न्हाव्याच्या बाटलीत साधे पाणी असते, तिथे बारीक फवारा हवाच. इस्त्रीवाल्याचेही तेच. ती बाटली काचेच्या किंवा टायरच्या द्रवाला वापरली की काम बिघडते.

हे माझ्या मनचे मांडे नाहीत. २००६ साली मार्च महिन्याच्या अखेरीस जर्मनीत 'मॅजिक नॅनो' नावाचा काच आणि फरशीवर मारायचा फवारा बाजारात आला. घरात वापरताच लोकांना खोकला आणि धाप लागू लागली. काही दिवसांतच विषबाधा केंद्रांकडे शंभराच्या आसपास माणसांच्या तक्रारी आल्या, काहींच्या फुप्फुसात पाणी झाल्याने त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले, आणि तो माल बाजारातून परत घ्यावा लागला. त्या नावाचा गवगवा असा झाला की नॅनोचे कण माणसे मारायला निघाले. तपासात त्यात नॅनोचे कण नव्हतेच असे निघाले! लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. तक्रारी आल्या त्या दाबाच्या वायूने भरलेल्या पत्र्याच्या डब्यातल्या फवाऱ्याच्या. हाताने दाबायच्या बाटलीतून मिळणाऱ्या त्याच जातीच्या मालाबद्दल अशा तक्रारी नव्हत्या. डब्यातून निघणारे थेंब फार बारीक होते आणि त्यांनी फुप्फुस गाठले. बाटली बदलली आणि आजार झाला, याहून स्पष्ट दाखला मला तरी ठाऊक नाही.

दुसरा दाखला जवळचा आहे आणि तो सांगताना बरे वाटत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसे गेली. अमरावती विभागातल्या दुसऱ्या जिल्ह्यांतूनही तशा बातम्या आल्या आणि शासनाला विभागीय आयुक्तांच्या हाताखाली विशेष तपास पथक नेमावे लागले. त्याची कारणे अनेक होती. औषधांची सरमिसळ, तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत. त्यातच त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढलेली, त्यामुळे फवारा पिकावर न पडता माणसाच्या तोंडाशीच राहायचा. आणि बॅटरीच्या पंपांचा जोराचा, बारीक फवारा हेही एक कारण म्हणून तेव्हा पुढे आले. गाडीचा शाम्पू म्हणजे कीटकनाशक नव्हे, एवढे मलाही कळते. दोहोंची बरोबरी मी करत नाही. पण हवेत तरंगणारा बारीक थेंब माणसाच्या आत कसा शिरतो, हे आपल्या वऱ्हाडाला कोणी पुस्तकातून शिकवायची गरज उरलेली नाही, एवढेच म्हणायचे आहे.

आता मोटारीच्या आतल्या जागेचा हिशेब करू. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घेतली तर तिच्यात साधारण अठ्ठावीस घनमीटर हवा असते. लहान मोटारीत ती जेमतेम तीन घनमीटर भरते. म्हणजे खोलीत एकदा फवारले आणि मोटारीत एकदा फवारले, तर मोटारीत त्याचा जोर नऊ-दहा पट. त्यातून ऊन नको म्हणून काचा बंद, आणि काही महाभाग तर थंड हवेचे यंत्र सुरू करून आत फवारत बसतात! मग छाती भरून आली तर नवल ते काय? युरोपातल्या दहा देशांत, पूर्वी दमा नसलेल्या साडेतीन हजार माणसांवर सरासरी नऊ वर्षे लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ही माणसे सफाईचा धंदा करणारी नव्हती, घरापुरती साफसफाई करणारी होती. त्यांच्यापैकी जी आठवड्यातून एकदा तरी काच, फर्निचर वगैरेंचे फवारे वापरत, त्यांच्यात दम्याची लक्षणे इतरांपेक्षा सुमारे दीडपट आढळली. हा अभ्यास घराचा होता, मोटारीचा नव्हता. मोटारीची हवा त्याहून किती कोंदट असते, ते वर सांगितलेच.

यावर साधा उपाय आहे. गाडीच्या आत फवारूच नका. बाहेर उभे राहून फडक्यावर फवारा आणि त्या फडक्याने आत पुसा. डॅशबोर्डला, दारांना, चाकाच्या मुठीला एवढे पुरते. खरे सांगायचे तर दहापैकी आठ वेळा ओले फडके आणि नंतर कोरडे फडके यातच काम होते. आपल्या काळ्या मातीच्या धुळीला पाण्याइतकी दुसरी कशाची भीती नाही. पण लोकांना वास आला आणि चकाकी दिसली की गाडी स्वच्छ झाल्यासारखे वाटते. तो वास अनेकदा रसायनाचा आणि ती चकाकी सिलिकॉनची असते. त्या चकाकीने समोरच्या काचेवर उन्हाची तिरीप येते आणि डोळे दिपतात, हा आणखी एक ताप. असो.

आता बाटलीकडे वळू. २०२० साली कोरोनाची साथ आली आणि आपल्या प्रत्येक घरात फवाऱ्याची एक तरी बाटली शिरली. त्या वेळी फवारण्याचे खूळ इतके बोकाळले होते की माणसांच्या अंगावरही जंतुनाशक मारत होते. शेवटी त्या एप्रिलमध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याला 'माणसांवर फवारू नका' असे पत्रक काढावे लागले. साथ गेली, बाटल्या राहिल्या. फडताळात पडलेली सॅनिटायझरची बाटली घ्यायची, त्यात गाडीचा द्रव ओतायचा, अशी रीत पडली आहे. या बाटल्या बहुधा पातळ, पारदर्शक प्लास्टिकच्या असतात आणि त्यांची तोटी मुद्दाम धुके पाडण्यासाठी केलेली असते, कारण हातावर सॅनिटायझर पसरायचे होते. गाडीच्या द्रवाला नको असलेले दोन्ही गुण तिच्यात हजर.

बाजारात घ्यायची असेल तर बाटली उलटी करून तळ पाहा. तळाशी बाणांचा त्रिकोण असतो आणि त्यात आकडा असतो. आकडा २ असेल आणि बाटली दुधी, थोडी जाड असेल तर ती घ्या. या जातीच्या प्लास्टिकला साबण, खार आणि सौम्य ॲसिड सहसा बाधत नाही. आकडा १ म्हणजे पाण्याच्या आणि शीतपेयाच्या बाटलीचे प्लास्टिक. तेलकट डाग काढणाऱ्या कडक खाराने ते हळूहळू कमजोर होते आणि एके दिवशी हातातच तडकते. दुधी बाटलीतून आत किती द्रव उरला तेही दिसते. बाजूला मिलिलिटरच्या रेघा असल्या तर फारच उत्तम, कारण डब्यावर 'एकास दहा' लिहिलेले असताना आपण डोळ्याच्या मापाने एकास तीन करतो. जास्त घातले म्हणजे जास्त साफ होते, हा आपला हिशेब. मिसळताना आधी पाणी, मग द्रव.

तोटी फिरवता येणारी पाहिजे. फिरवल्यावर सरळ धार, जाड फवारा आणि बंद असे तिन्ही व्हायला हवे. दुकानातच पाणी भरून एकदा भिंतीवर मारून पाहायला दुकानदार नाही म्हणत नाही. भिंतीवर ठिपके दिसले तर बाटली कामाची. नुसता ओला ढग पसरला तर ती परत ठेवा. फेस करणारी जाळीची तोटी मिळाली तर तिला पहिली पसंती द्या, कारण फेस हवेत तरंगत नाही, जिथे पडतो तिथेच बसतो. घोडा दाबल्यावर मुठीवर थेंब ओघळतो का, हेही पाहा. असली गळकी बाटली तासभर वापरली की बोटांची साले निघतात आणि मग 'डॉक्टरसाहेब, हाताले खरूज झाली वाटते' म्हणून लोक येतात. खरूज बिरूज काही नसते, खाराने कातडी सोललेली असते. स्वयंपाकघरात भांडी घासायला वापरतात तसले रबरी मोजे घातले की हा प्रश्नच येत नाही.

हवा भरून दाबाने मारायची एक-दोन लिटरची बाटलीही मिळते. ती बाहेरून गाडीला शाम्पू मारायला ठीक, पण झाकण उघडण्यापूर्वी दाब सोडला पाहिजे, नाहीतर सगळे तोंडावर. पत्र्याचा दाबाचा डबा मी स्वतः घेत नाही. त्याचा फवारा सर्वांत बारीक, आणि त्यावर पन्नास अंशांपेक्षा जास्त उष्णतेत ठेवू नका असे लिहिलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा पंचेचाळीसवर जातो. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तो साठीच्या घरात सहज पोचतो. असा डबा डिकीत टाकून गाडी उन्हात लावणे म्हणजे सुतळी बॉम्ब खिशात घेऊन चुलीजवळ बसणे.

थिनर, पेट्रोल, रॉकेल असले काही कोणत्याच बाटलीतून फवारू नका. डांबराचे डाग काढायचेच तर फडक्याच्या टोकाला थेंबभर लावून पुसा. बाटलीतली रबरी वायसरे या द्रवांनी फुगतात, ते वेगळेच. त्यांचे धुके एका ठिणगीला भडकते. आणि तेल छातीत गेले तर ते थुंकीतून सहज बाहेर येत नाही, आतच बसून न्यूमोनिया करते. धुलाईनंतर गाडीच्या पोटाला डिझेल आणि जुने ऑईल हवेच्या जोराने मारायची पद्धत आपल्याकडे आहे. गंज धरत नाही म्हणतात. गाडीखाली खड्ड्यात उभे राहून ते मारणाऱ्या पोराच्या छातीला काय धरते, ते कोणी पाहत नाही.

आता लेकरांविषयी. आपल्या बोलीत एक मोठी गैरसोय आहे. शेतावर मारतो ते विष, त्याला आपण 'औषध' म्हणतो. ढेकणांचे औषध, उंदराचे औषध, आता काचेचे औषध, टायरचे औषध. चार वर्षांच्या पोराला औषध म्हणजे आई चमच्याने पाजते ते गोड काहीतरी, एवढेच ठाऊक. त्यातून ते निळे किंवा गुलाबी असते, वास फळासारखा असतो आणि भरलेले असते शीतपेयाच्या बाटलीत. मग ते त्याने प्यायले तर दोष कोणाचा? मागे एक आजी नातवाला घेऊन धावत आल्या. काच पुसायचे निळे पाणी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवले होते. मी विचारले, यात नेमके काय आहे? आजी म्हणाल्या, "मले का माहीत जी, पोरानं मोठ्या डब्यातून काढून देल्लं, डबा तं त्याच्या मित्राच्या घरी हाय." दोन तास आम्ही त्या डब्याच्या मागे होतो. डबा सापडला, त्यावरचा मजकूर वाचला, आत फारसे घातक काही नव्हते, लेकरू दुसऱ्या दिवशी हसत घरी गेले. पण ते दोन तास आजींनी कसे काढले, ते मी पाहिले आहे. बाटलीवर चार शब्द असते तर ते दोन तास वाचले असते.

म्हणून खाण्यापिण्याची कोणतीही बाटली या कामाला वापरायची नाही, हा नियम मी सर्वांत वर ठेवतो. फवाऱ्याची बाटली या बाबतीत मुळातच बरी, कारण तिचे डोके पाण्याच्या बाटलीसारखे दिसत नाही. काही बाटल्यांच्या घोड्याला अडकवण असते, ते लावून ठेवले की लेकराच्या हातून दाबली जात नाही. बाटलीवर पांढरी पट्टी चिकटवा आणि न पुसणाऱ्या पेनने मराठीत लिहा: आत काय आहे, किती पाणी घातले आहे, कधी भरले. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी गळ्याला लाल फीत बांधा. मूळ डबा द्रव संपेपर्यंत फेकू नका. एका बाटलीत एकच द्रव, आणि दुसरा भरायचा असेल तर दुसरी बाटली. शंभराची नोट मोडली तर त्यात साधी बाटली येते. शाम्पूच्या डब्यापेक्षा ती नक्कीच स्वस्त.

एक बाटली एक द्रव, हे मी उगाच सांगत नाही. कपड्यांचे डाग घालवणारे ब्लीच आणि संडासचे ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तोच हा वायू. तळाशी उरलेल्या थोड्या ब्लीचवर ॲसिडचा द्रव ओतला, तरी बंद मोरीत माणसाचा जीव घाबरायला तेवढे पुरते.

आणि फवारणीचा पंप? काही घरी पाठीवरचा किंवा हातातला शेतीचाच पंप धुऊन गाडीला वापरतात. 'तीनदा खंगाळला' म्हणतात. त्या पंपाच्या नळीत, वायसरात, गाळणीत औषधाचा अंश राहतो आणि तो तीनदा खंगाळून जात नाही. शिवाय कीटकनाशकांचे रिकामे डबे पुन्हा वापरू नयेत, मोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असे १९७१ च्या कीटकनाशके नियमांतच सांगितले आहे. डब्यावरच्या चौकटीत खालचा त्रिकोण लाल असेल तर आत सर्वांत जहाल विष होते, त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. पण हिरव्या त्रिकोणाचा डबाही गाडीचा शाम्पू भरायला नाही.

धुलाई केंद्रांवर काम करणाऱ्या पोरांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपण गाडी देऊन चहा प्यायला जातो आणि फवारा त्यांच्या तोंडावर उडतो. मिश्रधातूची चाके आणि गंजाचे डाग झटपट साफ व्हावेत म्हणून काही ठिकाणी ॲसिडचे पाणी मारतात. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या सुट्या विक्रीवर बंधने घातली, विकत घेणाऱ्याची नोंदवही आणि ओळखपत्र सांगितले. नोंदवही कुठे दिसली तर मला जरूर दाखवा. गंज आणि चाके साफ करणाऱ्या काही द्रवांत हायड्रोफ्लुओरिक नावाचे ॲसिड किंवा त्याच्या जातीचे क्षार असतात. हे ॲसिड फसवे आहे. पातळ असेल तर कातडीवर पडल्याबरोबर आग होत नाही. काही तासांनी आत हाडापर्यंत ठणका सुरू होतो. ते शरीरातले कॅल्शियम ओढून घेते आणि जास्त प्रमाणात गेले तर हृदयाचे ठोके बिघडतात. त्यावर पाण्याने भरपूर धुणे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचा मलम हा उपचार आहे. साध्या भाजण्याचा मलम लावून बसण्यात अर्थ नाही. असला द्रव कोणत्याही फवाऱ्यातून उडवू नये. ब्रशने लावावा, आणि खरे तर आणूच नये. चाकाचा काळा थर साध्या शाम्पूने आणि ब्रशने निघतो, फक्त वेळ जास्त लागतो.

एका केंद्रचालकाशी माझा यावर वाद झाला. त्याचे म्हणणे, "साहेब, गिऱ्हाइकाले दहा मिनिटांत गाडी पायजे. ब्रशनं घासत बसलो तं तो समोरच्याकडे जाते." त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. म्हणून हा प्रश्न मालकाइतकाच आपलाही आहे. गाडी देताना 'चाकाला काय मारता?' एवढे विचारा. 'ॲसिड नको, शाम्पू चालेल, पंधरा मिनिटे जास्त थांबतो' म्हणा. मालकांनी पोरांना डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, पायात गमबूट द्यावेत, आणि फवारताना वाऱ्याकडे पाठ करून उभे राहायला सांगावे. हे शेवटचे तर आपल्या प्रत्येक शेतमजुराला तोंडपाठ असते. गाडीपुढे आले की ते विसरते.

इतके करूनही काही झालेच, तर काय करायचे? डोळ्यांत उडाले तर वाहत्या पाण्याखाली पापण्या उघड्या धरून पंधरा ते वीस मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटे वीस वाटतात. कातडीवर उडाले तर भिजलेले कपडे आधी काढा, मग धुवा. छातीत गेले तर मोकळ्या हवेत या आणि सैल कपड्यांत बसा. धाप किंवा शिट्टी वाजल्यासारखा श्वास असेल तर थेट दवाखाना. दम्याच्या माणसाने स्वतःचा पंप, म्हणजे श्वासाचा, जवळ ठेवावा. पोटात गेले तर बोटे घालून उलटी करवू नका. ॲसिड किंवा खार वर येताना अन्ननळी दुसऱ्यांदा भाजतो, आणि टायरच्या पॉलिशसारखे तेलकट द्रव उलटीबरोबर फुप्फुसात शिरतात. मीठपाणी, लिंबू, दूध पाजत बसू नका. तोंड खळखळून धुवा आणि निघा. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. विषबाधेची माहिती देणारे राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या एम्समध्ये आहे, त्याचा विनाशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. तो बाटलीवरच्या पांढऱ्या पट्टीवर लिहून ठेवायला हरकत नाही. इथल्या दवाखान्यात या किंवा अमरावतीला इर्विनला जा, निघताना ती बाटली आणि तिचा मूळ डबा दोन्ही पिशवीत घालून सोबत आणा.